मागच्या बाकांवरची मंडळी

बीबीएच्या पहिल्या दिवशी नव्या मुलांचं स्वागत करायचं आणि विद्यापीठाची उद्दिष्टं समजावून सांगायची, हे काम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं. आमच्या जुन्नर भागात मुलगी त्या दिवशी कॉलेजात एकटी येत नाही. सोयरीक ठरवायला निघाल्यासारखी आई-बाप, चुलते, मामा अशी सगळी मंडळी जीप भरून सोबत येते. यंदाही मागचे बाक त्यांनीच भरले होते.

पडद्यावर पहिलं उद्दिष्ट होतं, 'विद्यार्थी स्वतः निर्णय घेऊ शकेल.' डिंगोरे गावच्या एका मुलीला मी विचारलं, "तू हा कोर्स का घेतलास?"

तिनं तोंड उघडायच्या आत मागून तिचे मामा बोलले, "ब्यांकेत लावायचीय तिला, मॅडम."

"न्हाई ओ, आपलं खताचं दुकान हाय की. तीच बघंल," चुलते म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "मंडळी, तुम्ही बाहेर चहा घ्या," म्हणत मी सगळ्यांना उठवलं आणि त्यांच्यामागे दार लावायला गेले.

तेवढ्यात ती मुलगी उभी राहिली.

"मॅडम, दार उघडंच राहू द्या," ती म्हणाली. "मी सांगते ते त्यांनाबी ऐकू जायला पाहिजे."