कोमट सौना

"या शनिवारी सौनाला येऊ नकोस, डोरिस," असं आर्वो निएमीने फोनवर सांगितलं, तेव्हा मला आधी राग आला आणि मग चैन पडेना. एकोणीस वर्षं दर शनिवारी आम्ही शेजारी त्याच्या अंगणातल्या त्या लाकडी खोलीत घाम काढत आलोय. आधी बायका, मग पुरुष, मग सगळ्यांची कॉफी. कारण विचारलं तर पठ्ठ्याने फोनच ठेवला.

बरं, सौना बंद असता तर गोष्ट वेगळी. पण धुराड्यातून रोज धूर निघत होता. तोही बारीकसा, कोणी अंडं उकडत असावं तेवढाच.

त्याची बायको साइमा डिसेंबरात बर्फावर घसरली, खुब्याचं हाड मोडलं. डुलुथ शहराच्या इस्पितळात ती पुन्हा चालायला शिकत होती. रविवारी घरी यायची होती, पण तिची एक अट होती. "मला खुर्चीतून ओढून काढावं लागणार असेल, तर मी येत नाही. इथे ओढणाऱ्यांना निदान त्याचा पगार मिळतो." निएमींच्या घरातली झाडून सगळी आसनं बुटकी. आर्वो म्हणाला, "मी करतो तुला खुर्ची. उंच, भक्कम हातांची." खाणीतले ट्रक दुरुस्त करण्यात जन्म गेला याचा, सुतारकाम निवृत्तीनंतर गराजमध्ये शिकलेला.

पहिली खुर्ची माझ्यासमोरच मोडली. बाहेर शून्याखाली पंचवीस. घराला लागून असलेल्या गराजमध्ये लाकडाची शेगडी लावायची नाही, असं विमावाल्यांनी बजावलेलं. विजेचा छोटा हीटर होता, तो याच्या बुटांपुरती ऊब द्यायचा. आर्वो ऐटीत खुर्चीवर बसला आणि पाठ एकीकडे, पाय दुसरीकडे. सांध्यांमधला गोंद पांढरा, भुसभुशीत झाला होता.

"थंडीत धरतच नाही," तो जमिनीवर बसूनच म्हणाला. मला हसू आवरलं नाही. तो मात्र हसला नाही.

शुक्रवारी मी वेलदोड्याचा पाव भाजला. निमित्त नको का काही? दुपारी थेट सौनाचं दार वाजवलं.

"आत ये आणि दार लाव! ऊब चाललीय सगळी!"

आम्ही ज्या बाकावर बसतो, तिथे नवी खुर्ची बसली होती, सांधे दाबून धरायला चहूबाजूंनी क्लॅम्प आवळलेले. तिच्या हाताला थर्मामीटर टांगलेला. आर्वोने भट्टीत बोटाएवढी एक काडी सारली आणि झाकण लावलं.

"एकवीस," तो म्हणाला. "खाली गेलं की गोंदाचा खडू होतो. फार वर गेलं की लाकूड सुकून आकसतं. दोन दिवस आधी लाकूडच इथे आणून ठेवलं, त्याच्या पोटातली थंडी जायला."

"मग स्वयंपाकघरात का नाही चिकटवलीस?"

"साइमाच्या स्वयंपाकघरात गोंद? डुलुथहून पायी येईल ती मला झोडायला."

भट्टीवरच्या दगडांवर पाणी ओतून वाफ काढायच्या सवयीने माझा हात पाण्याच्या डावाकडे गेला.

"खबरदार, दगडांवर थेंब टाकलास तर!" तो ओरडला. "सौना तापवायला कोणालाही येतं गं. कोमट ठेवणं अवघड आहे."

"हे मला सांगायला काय झालं होतं तुला?"

"मागच्या वेळी तू हसलीस."

लाज वाटली, खरंच वाटली. मी पाव कापला, भट्टीजवळ बसले आणि पुढची काडी मी घातली. संध्याकाळपर्यंत आळीपाळीने काड्या घालत आम्ही तो काटा एकवीसच्या आसपास धरून ठेवला.

रविवारी साइमा आली. कोटही न काढता काठी टेकत खुर्चीपर्यंत गेली आणि बसली. खुर्ची कुरकुरलीसुद्धा नाही. मग तिने काठी बाजूला ठेवली, खुर्चीच्या दोन्ही हातांवर तळवे रोवले. आर्वो शेजारी हात पुढे करून उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ओठ आवळले आणि हळूहळू, एकटीच, उठून उभी राहिली.

आर्वोचा हात तसाच पुढे राहिला होता. तो खिशात घालू लागला.

"कुठे नेतोस तो?" साइमा म्हणाली. "उठायला नको होता. आता दे."