तापलेल्या टाकीवर आईंचा हात

आधीच सांगते, चमत्कार वगैरेवर माझा कधीच विश्वास नव्हता. आम्ही ख्रिस्ती. कुरुंद्यात आमची मोजकी घरं, रविवारी कुणाच्या तरी ओसरीवर उपासना भरते. तिथे शेवटी लोक साक्ष द्यायला उभे राहतात... कुणाचा ताप प्रभूने उतरवला, कुणाची सुटलेली बस प्रभूने थांबवली. मी वसमतला मेडिकलवर कामाला आहे, ताप कशाने उतरतो ते मला ठाऊक आहे. त्यामुळे मी कधी उभी राहिले नाही. हा अनुभवसुद्धा तिथे सांगितलेला नाही, इथेच सांगतेय.

माझे मिस्टर, विजय, हळद शिजवायचा कुकर भाड्याने चालवतात. घरातला कुकर नव्हे — ट्रॅक्टरमागे ओढून नेतात ते धूड. मधे पाण्याची लोखंडी टाकी, तिच्याखाली भट्टी, आणि बाजूला वाफेवर हळद शिजते ते ड्रम. रोज भट्टी पेटवण्याआधी माझ्या सासूबाई, सगळ्यांच्याच आई, थंड टाकीवर उजवा तळहात ठेवून प्रार्थना करतात. गडीमाणसं सगळी हिंदू, पण आई आल्या की तीही हात जोडून डोळे मिटतात. प्रार्थना काही छोटी नसते. एकेकाचं नाव, त्याच्या घरचं दुखणं, पोरीचं लग्न, आटलेली म्हैस... सगळं देवाच्या कानावर घातलं जातं.

आईंना शुगर आहे. मागे पायात साधा काटा मोडला आणि शेवटी बोट काढावं लागलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, आता कुठे कापू-भाजू देऊ नका, पुढच्या वेळी बोटावर भागणार नाही. तेव्हापासून मी त्यांना चुलीजवळसुद्धा फिरकू देत नव्हते. त्या म्हणायच्या, "माझी काळजी करनारा वर बसलाय, तू काहून झुरून राहिली?" म्हणजे विश्वास देवावर आणि धावपळ माझी.

होळी नुकतीच झाली होती. त्या सकाळी आभाळ भरून आलं. पाऊस आला की भट्टी पेटत नाही आणि काढून ठेवलेली हळद सडते, म्हणून मुकादम गंगाधरमामांनी घाई केली आणि आईंची वाट न बघता भट्टी पेटवून दिली. विजय डिझेल आणायला गेले होते. मला सुट्टी होती, मी चहाची किटली घेऊन बांधावरून येत होते. समोर बघते तर आई टाकीपाशी पोचलेल्या. भट्टीचं तोंड पलीकडच्या बाजूला, आईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि तळहात टाकीवर टेकवला. आणि मामांसकट सगळ्यांनी सवयीने डोळे मिटून घेतले.

किटली टाकून मी पळाले. जवळ येताना आईंचं बोलणं कानावर पडत होतं... गंगाधरचा गुडघा, त्याच्या लेकीचं सासर, माझा विजू, माझी नातवंडं... नेहमीच्याच संथ सुरात. मी दंड धरून त्यांना मागे ओढलं, त्यात माझाच तोल गेला आणि माझा हात टाकीवर टेकला. क्षणभरच. तेवढ्यात कातडी सोलून निघाली.

आईंचा तळहात मी उलटासुलटा करून पाहिला. लाली नाही, फोड नाही. माठाला लावून आणल्यासारखा गार.

मामा कपाळाला हात लावून उभे. "आई आल्या की डोळे आपसूक मिटतेत, ताई. भट्टी पेटवल्याचं ध्यानातच राह्यलं न्हाई." आईंनी हात ठेवला होता तिथेच मामांनी पाणी शिंपडलं. चुर्र करून उडून गेलं. डॉक्टरांनी दोघींचे हात तपासले आणि पट्टी बांधली ती माझ्या हाताला.

मी डोकं भरपूर चालवलं. शुगरने हात बधिर होतो, म्हणून चटका कळला नसेल... पटतं. पण कळलं नाही म्हणून कातडी भाजायची थांबते का? त्यांचा पायही बधिरच होता, तरी काट्याने बोट गेलंच ना.

संध्याकाळी आई माझ्याजवळ बसल्या. मी विचारलं, "आई, तुमाला खरंच काही जाणवलं न्हाई?"

"न्हाई बाई. मला वाटलं, अजून पेटवलीच न्हाई." मग माझा पट्टी बांधलेला हात त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला. त्यांचे डोळे भरून आले. "तू लई घाई केली गं. सगळ्यांची नावं झाली व्हती. तुझंच राह्यलं व्हतं."

मी हसायला गेले आणि मला रडूच फुटलं.

त्यांचा हात कसा वाचला ते मला आजही कळलेलं नाही, कुणाकडे उत्तर असेल तर जरूर सांगा. आता त्या माझं नाव सगळ्यात आधी घेतात, आणि ते घेऊन होईपर्यंत मी त्यांच्याजवळून हलत नाही.