शेंदूर लावलेला मुद्देमाल

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. मोताळ्याकडे ठाणेदार असताना भरदुपारी खबर आली: बांधाच्या भांडणात एका शेतकऱ्याला चुलतभावाने दगडाने ठार केलं. पोहोचलो, तर दगड जागेवर नाही. गावकऱ्यांनी तो बांधावर मांडून शेंदूर फासला होता, पुढे नारळ फोडला होता. बळी घेतलेला दगड शांत केला नाही तर आणखी माणूस नेतो, म्हणे.

“साहेब, त्याले हात नोका लावू. तो आता देव हाय,” खुद्द पोलीस पाटील म्हणाला. मी कपाळावर हात मारला. पंचनाम्याला पंच मिळेनात. पण “त्यानंच मारला, आमी पाह्यलं” असं सांगायला रांग लागली.

चुलतभावावर खुनाचं कलम लागलं. चौकशीत त्याचं एकच पालुपद. “भांडलो, हे खरं. पण दगड वरतून आला साहेब.” वरून म्हणजे कुठून, ते काही त्याला सांगता येईना.

शेवटी दगड मीच उचलून जीपमध्ये घातला. ठाण्यात बाहेरगावचे पंच बोलावून त्यांच्यासमोर शेंदूर पुसला, तेव्हा एका अंगाला सरळ, अर्धगोल खाच निघाली. ते सुरुंगाची दारू ठासायला पाडलेलं भोक होतं, मधोमध फुटून अर्धं उरलेलं. आमच्याकडचा काळा दगड घणाने फोडला तर जुन्या चिरेवर दोन-तीन तुकड्यांत फुटतो. सुरुंगाचा दणका क्षणात बसतो, दगडाला चीर शोधायला सवडच नसते. तो चहूबाजूंनी तडकतो, भोकाजवळ त्याचं पीठ होतं आणि तुकडे शेतं ओलांडून जातात. खाचेत ते पांढरं पीठ अजून घट्ट होतं.

शेजारच्या शेतात विहीर खोदणं चालू होतं. स्फोटाचा आवाज सगळ्यांनी ऐकला होता. विहिरींच्या दिवसांत तो रोजचाच, म्हणून कोणी बोललं नाही! विहिरीच्या ठेकेदाराने काढलेल्या मलब्यात खाचेचा दुसरा अर्धा तुकडा सापडला आणि तो तंतोतंत बसला.

“परवाना नोता साहेब,” ठेकेदार म्हणाला. “लोकायनं दगडाले शेंदूर लावला, मंग मी चूप राह्यलो. नारळ त म्याच देल्ला.”

तेव्हापासून कोणी ‘पाहिलं’ म्हणालं की मी आधी विचारायचो, तू उभा कुठे होतास?

चुलतभाऊ सुटला, पण ठाण्याच्या पायरीवरच बसून राहिला. घरी जा म्हटलं, तर म्हणाला, “जातो साहेब. पन मले फाशी व्हावी म्हून जबाब देनारे सारे माह्याच गल्लीत राह्यतात.”

त्यावर माझ्याकडे कुठलंच कलम नव्हतं.