विनूच्या हातचं

पुदिन्याचं पान दोन बोटांत हलकेच चुरगळलं, की आधी एक हिरवा, ओला गंध येतो आणि त्याच्या मागून एक शीतलता नाकातून थेट कपाळापर्यंत चढते. वैशाखातली धुळ्याची दुपार, खिडकीच्या गजांना हात लावला तर चटका बसावा, कूलरमधल्या वाळ्याच्या ताट्याही तापलेल्या, अशा वेळी तो गंध आला म्हणजे घरात कुठेतरी पाणी वाहत असावं असं वाटतं. वास्तविक तापमान तसूभरही उतरलेलं नसतं. पान फक्त आपली समजूत काढतं. आयुष्यातली किती सुखं अशी नुसती समजूत काढणारी असतात, आणि तरीही आपण ती हात पुढे करून घेतोच ना? मला मात्र दोन वर्षांपासून हा वास सोसवत नाही. भाजीवालीच्या पाटीत जुडी दिसली तरी मी मान वळवतो. माझा धाकटा भाऊ विनायक आमच्या घरी येऊन राहिला, त्या उन्हाळ्याची ही गोष्ट आहे.

मी इथल्या महाविद्यालयात संस्कृत शिकवलं. विनू माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आमचं मूळ घर पारोळ्याला. वडील, म्हणजे नाना, तिथे शाळामास्तर. शुद्ध आचार, शुद्ध उच्चार आणि करारी नजर. विनू मुंबईला हॉटेलचं शिक्षण घ्यायला गेला आणि तिथून प्रवासी जहाजावर लागला. जहाजावरच्या बारमध्ये तो मद्याची पेयं बनवत असे. पंचवीस-सव्वीस वर्षं त्यानं तेच केलं. नाना लोकांना सांगत, धाकटा जहाजावर अधिकारी आहे. मी त्यांचं म्हणणं कधी खोडून काढलं नाही. पुढे माझ्या मुलीच्या लग्नात व्याह्यांशी ओळख करून देताना मीही, ‘हा माझा भाऊ, परदेशी कंपनीत असतो,’ एवढंच म्हणालो होतो. विनू शेजारीच उभा होता. त्यानं हसून नमस्कार केला. माणसाच्या हसण्यात किती काय बुडून जातं! वरचं पाणी तेवढं शांत दिसतं.

दोन वर्षांतून एकदा तो सुट्टीवर यायचा. आल्यावर पहिले दोन दिवस झोपायचा आणि तिसऱ्या दिवशी, काहीसा संकोचत, मला म्हणायचा की त्याच्या हातचं एकदा पिऊन पाहावं. पुदिना, लिंबू, साखरेचा पाक आणि टकीला, असं एक पेय होतं. जहाजावर लोक ते नाव घेऊन मागायला येत, असं तो सांगे. पहिल्यांदा मी नानांचं कारण पुढे केलं. नाना गेल्यावर चातुर्मासाचं केलं. त्यानंतरच्या वेळी उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या. मला मद्याचा तिटकारा होता असंही नाही. सहकाऱ्यांबरोबर सहलीला गेलो असताना मी चोरून बिअर घेतलेली आहे. मला अडवत होतं ते वेगळंच. त्याच्या हातून पेला घेतला, तर त्याचं काम हे काम आहे असं मान्य केल्यासारखं झालं असतं. काव्यशास्त्रातले नऊ रस शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला आपल्या भावानं सिद्ध केलेला एक रस चाखवत नव्हता.

मग एका फाल्गुनात विनू कायमचा परत आला. झपाट्यानं वाढणारा कंपवात झाला होता. उजवा हात सतत कापे, काही महिन्यांत डावाही कापू लागला. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे तो आमच्याकडेच राहील हे माझ्या पत्नीनं, सुनंदानं, कोणी विचारायच्या आधीच ठरवून टाकलं. मागची खोली त्याला दिली. आल्या आल्या त्यानं बाजारातून पुदिन्याची जुडी आणवली, पानं चटणीला देऊन काड्या पाण्यात ठेवल्या, आणि त्यांना मुळं फुटल्यावर एका तडकलेल्या बादलीत लावल्या. बोटं थरथरत असताना त्या नाजूक मुळ्या मातीत बसवायला त्याला अख्खी सकाळ लागली. मी वर्तमानपत्रामागून पाहत होतो. उठून मदत करावी असं वाटलं, आणि उठलो नाही. मदतीला गेलं तर ते हात कापतात हे आपण पाहिलं, असं होतं. न जावं तर पाहूनही बसून राहिलो, असं होतं.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी, ऊन अजून भिंतींवरून उतरलं नव्हतं तेव्हा, मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. विनू ओट्याशी उभा होता. तांब्यातून पेल्यात पाणी ओतत होता. निम्मं पाणी ओट्यावर सांडलं होतं. माझी चाहूल लागताच तो माझ्याकडे पाठ करून उभा राहिला, पेला छातीशी धरून. ज्या हातांनी हा माणूस डोलत्या जहाजावर एक थेंब न सांडता पेले भरत होता, ते हात आता तो आपल्याच भावापासून लपवत होता. आणि त्याला लपवायला शिकवलं कोणी? मी म्हणालो, “विनू, ते तुझं पुदिन्याचं आज करतोस का?”

तो पाठमोराच राहिला. जहाजावर इतकी वर्षं इंग्रजीत काढलेला आणि घरात आमच्याशी मास्तरी मराठी बोलणारा विनू तेव्हा लहानपणच्या अहिराणीत बोलला. “मना हात आते मनं ऐकतस नही, भाऊ.”

त्याचे हात त्याचं ऐकत नव्हते; माझे रिकामे होते. मग मी करतो, तू सांग, असं म्हणालो.

त्याच्या पेटीत शेवटच्या सफरीवरून आणलेली टकीलाची एक न उघडलेली बाटली होती. सुनंदानं लिंबं काढली, साखरेचा पातळ पाक करून गार पाण्यात ठेवला. विनू स्टुलावर बसला आणि त्याचा आवाज बदलला. तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता: मोजका, स्थिर, आपल्या विद्येवर पूर्ण स्वामित्व असलेल्या आचार्याचा. बत्ता नको, लाटण्याचं टोक घे. पानं आठ-दहा पुरेत, देठ काढ. मी त्याच्या सांगण्याप्रमाणे पानं आणि पाक पेल्यात घालून लाटण्यानं दाबू लागलो, तसा तो म्हणाला, “वाटायचा नाही, भाऊ. पुदिन्याला फक्त जागं करायचं.”

मापासाठी त्याच्याच औषधाच्या बाटलीचं टोपण घेतलं. सहा टोपणं टकीला, तीन टोपणं लिंबाचा रस. फिरकीच्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ते सारं ओतून, वर बर्फ घालून, मला तो डबा खांद्याशी धरून हलवायला लावला. मी हलवत असताना त्यानं बाटलीकडे बोट करून सांगितलं, की हे ज्या झाडापासून करतात ते आपल्या घायपाताचंच भावंड. साक्रीच्या रस्त्याला शेतांच्या कडेनं ते काटेरी, राखी-हिरवे पात्यांचे झुबके दिसतात ना, तेच. आम्ही लहानपणी त्याच्या पात्यांवर काट्यानं नावं कोरत असू. दूरदेशी तशाच एका झाडाची पाती छाटून, त्याचा कंद भाजून, रस काढून आंबवतात. हे झाड वर्षानुवर्षं वाढतं, एकदाच फुलतं आणि मरून जातं, असंही तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात खेद नव्हता. आपल्या धंद्यातल्या मालाची माहिती द्यावी तसं तो सांगत होता.

डब्याला बाहेरून पांढुरकं दव धरलं, बोटं बधिर झाली, तेव्हा त्यानं पुरे म्हटलं. चहाच्या गाळणीतून पेल्यात गाळलं, वर थोडा सोडा. शेवटी एक कोवळा शेंडा तळहातावर ठेवून दुसऱ्या हातानं टाळी वाजवायची, म्हणजे त्याचा गंध सुटतो, आणि मग तो पेल्यात खोवायचा. मी टाळी वाजवली. विनू माझ्या हातांकडे पाहत होता. लंगडा झालेला नर्तक दुसऱ्याची पावलं पाहील, तसं त्याचं ते पाहणं होतं. माझी प्रत्येक चूक त्याच्या बोटांत आधी उमटत होती.

मी घोट घेतला. आंबट, आणि त्याच्या तळाशी गवती कडवटपणा. छान झालंय, असं मी म्हणालो. विनू हसला. कडू झालं असणार, म्हणाला. मी लाटणं दाबलं तेव्हाच त्याला कळलं होतं. त्यानं पेला मागितला. मी तो त्याच्या ओठांशी धरला, त्यानं जीभ भिजेल एवढंच घेतलं आणि मान हलवली. पुन्हा कर, म्हणाला.

दुसऱ्यांदा केलं ते बरं होतं. घशातून उतरताना आधी थंडावा आणि मागून एक मंद ऊब. सुनंदानं पदरानं हात पुसत माझ्या हातातला पेला घेतला. मी चकित झालो. तिनं एक घोट घेतला, डोळे मिटले आणि सहज बोलून गेली, “असं नव्हतं ते.”

विनूनं मान खाली घातली. मग तिनंच सांगितलं. बारा-तेरा वर्षांपूर्वी, मी पेपर तपासायला जळगावला गेलो असताना, विनूनं तिला हेच करून दिलं होतं. मुलीलाही अर्धा पेला दिला होता. तिघं गच्चीवर बसून प्यायली, पेले विसळून जागच्या जागी ठेवले, आणि भाऊंना सांगायचं नाही असं ठरलं. मी रागावेन याची त्यांना फार भीती नव्हती. मी काहीतरी टोचून बोलेन आणि विनूची सुट्टी नासेल, ही भीती होती. माझ्याच घरातला एक आनंदाचा प्रहर माझ्यापासून इतकी वर्षं जपून ठेवावा लागला होता. आपण कुटुंबाचं छत्र आहोत असं समजणाऱ्या माणसाला, ती माणसं आपल्यापासूनच आडोसा शोधत होती हे कळावं, याहून मोठी शिक्षा कोणती?

मी सुनंदाला विचारलं, मग कसं होतं ते? ती विचारात पडली. हलकं होतं, म्हणाली. आंबट, गोड, तिखट असं वेगळं काही लागतच नव्हतं. मग म्हणाली, “कसं होतं ते मला सांगता यायचं नाही हो. ते प्यायलाच हवं होतं तुम्ही.” तिच्या स्वरात दोष नव्हता, म्हणूनच ते वाक्य माझ्या मनात इतकं खोल गेलं.

त्या उन्हाळ्यात मी ते पेय आणखी सात-आठ वेळा केलं. विनू स्टुलावर बसून चुका काढी आणि मधूनमधून जहाजावरच्या गोष्टी सांगे. एक म्हातारी बाई रोज संध्याकाळी येऊन शेजारच्या रिकाम्या खुर्चीसमोर दुसरा पेला ठेवायला सांगायची; त्यानं तिला कधी कारण विचारलं नाही, रोज ठेवला. आपला भाऊ अनोळखी माणसांचं दुःख इतक्या अदबीनं सांभाळत होता, हे मला साठी उलटल्यावर कळत होतं. माझा हातही सुधारत गेला. एकदा तो म्हणालासुद्धा, की आता जहाजावर चाललं असतं. पण सुनंदा प्रत्येक वेळी घोट घेई आणि काही बोलत नसे, आणि मला उत्तर मिळे.

दिवाळीनंतर त्याला गिळता येईनासं झालं. पातळ काही द्यायचं नाही, ठसका लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं. पाणीसुद्धा दाट करून चमच्यानं द्यावं लागे. मार्गशीर्षात, सकाळी सुनंदा त्याचं तोंड पुसत असताना, तो गेला.

दहावा झाल्यानंतर एका दुपारी गोव्याहून फोन आला. आवाजावरून मध्यमवयीन वाटणारा एक माणूस हिंदीत बोलत होता. विनूनं त्याला जहाजावर काम शिकवलं होतं; विनू गेल्याचं तिथल्या कोणाकडून तरी त्याला त्याच दिवशी कळलं होतं. बोलता बोलता त्याचा आवाज भरून आला. विनायक सरांसारखा हात मी जगात कुठे पाहिला नाही, तो म्हणाला. सर घरच्यांबद्दल फार बोलायचे, संस्कृतच्या प्राध्यापक भावाबद्दल तर अभिमानानं बोलायचे. मग त्यानं विचारलं, “आपने तो उनके हाथ का बहुत बार पिया होगा?”

समोर सुनंदा बसली होती. फोनमधला आवाज तिच्यापर्यंत पोचला होता. ती माझ्याकडे पाहत होती. जन्मभर मी वर्गात सत्याची महती सांगितली, आणि भावाच्या बाबतीत जन्मभर अर्धं खोटं बोललो. जहाजावर अधिकारी, परदेशी कंपनीत, अशी त्याला लहान करणारी खोटी वाक्यं. त्या क्षणी खरं बोललो असतो, तर मी सुटलो असतो कदाचित. पण त्या माणसाच्या मनातला विनू घरी कौतुकाला उपाशी राहिलेला ठरला असता.

“हां,” मी म्हणालो. “बहुत बार.”

तो माणूस समाधानानं रडला. मी फोन ठेवला. सुनंदानं उठून माझ्या पाठीवर हात ठेवला.