वासराचं दूध

आमची मुलगी शाळेत वाढली. अभिमानानं नाही, नाइलाजानं सांगतो. चामोर्शीच्या पलीकडे जंगलातल्या एका गोंड वस्तीत जनपद सभेची एकशिक्षकी शाळा होती आणि शाळेला लागूनच्या खोलीत आमचा संसार. खोलीत पाळणा टांगायला जागा नव्हती, म्हणून बायकोच्या जुन्या लुगड्याची झोळी मी वर्गातल्याच आड्याला बांधली. पहिलीतली पोरं पाढे म्हणता म्हणता झोळीची दोरी ओढत. बे एके बेला जागी असलेली मुलगी बे दाहे वीसला झोपलेली असे. मी फळ्यावर छडी आपटली की पोरं मलाच दटावत, "हळू न गुरुजी, उठते ते." मास्तराची अशी बेअब्रू दुसऱ्या कुठल्या शाळेत होत नसेल. पण सुटीत खोलीत जाऊन बायकोला हे सांगताना मला जो आनंद व्हायचा, तो निरीक्षकाच्या चांगल्या शेऱ्यानंही कधी झाला नाही.

श्रावणात बायकोला थंडीतापानं धरलं. घरात होत्या तेवढ्या कोयनेलच्या गोळ्या दिल्या. ताप जाई आणि पुन्हा येई. त्या येण्याजाण्यात तिचं दूध आटलं. मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती.

भाताची पेज गाळून कापसाच्या बोळ्यानं तिच्या तोंडात पिळली, तिनं ती ओकून टाकली. साखरेचं पाणी तेवढं घ्यायची, पण साखरेच्या पाण्यावर लेकरू जगतं थोडंच! आधी ती आकांत करायची, मग नुसती कण्हायला लागली आणि मग तेही बंद झालं. रडत होती तोवर मला धीर होता. गप्प झाली तसा मी उठलो. चामोर्शीला दूध, डॉक्टर, काहीतरी मिळेल म्हणून निघालो, तर मधला नाला दोन्ही काठ धरून वाहत होता. तरी उतरलो. कमरेएवढ्या पाण्यात पाय सुटला, कशीबशी एक फांदी हाताला लागली आणि ओलाचिंब परत आलो. बायकोनं मला पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

आणि गावात गाई होत्या! माझं डोकं फिरायचं ते यानं. रोज सकाळी शाळेसमोरून कळप जायचा, कासा भरलेल्या, वासरं ढुशा देत मागे. मी भद्रावतीकडचा. गाय दिसली की आम्हाला चरवी आठवते. लोटा घेऊन घरोघर फिरलो. कोणी दार लावलं नाही, कोणी वाकडं बोललं नाही, पण सगळ्यांचं उत्तर एकच, "ते वासराचं हाय, गुरुजी." शेळीचं तरी द्या म्हटलं, तर ते करडाचं. जनावराचं दूध काढायची त्या गावात चालच नव्हती. गाय पान्हवते ती वासरासाठी, त्यात माणसानं तोंड घालायचं काय काम, असा त्यांचा सरळ हिशेब. आरोग्याच्या पुस्तकातला दुधाचा धडा मीच त्या पोरांकडून घोकून घेतला होता. दूध पूर्णान्न आहे, असं ती खडाखडा म्हणत. त्यातल्या एकानंही घरात दूध पाहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी पाटलाच्या गोठ्यात शिरलो. चोरीच म्हणा. त्यातल्या त्यात गरीब दिसणाऱ्या गाईखाली बसलो आणि कासेला हात घातला. त्या कासेला जन्मात माणसाचा हात लागलेला नव्हता. तिनं अशी लाथ मारली की लोटा एकीकडे आणि मी शेणात. उठून बघतो तो दारात म्हातारा पाटील उभा. मला वाटलं, आता गाव गोळा करतो. त्यानं लोटा उचलला, धोतराला पुसला आणि माझ्या हातात दिला.

"गुरुजी, लेकरू गाईचं हाय का माणसाचं?"

माझा तोल गेला. "थट्टा नका करू, पाटील. पोरगी मरून राह्यली माही."

"म्हून तं पुसून राह्यलो," म्हणाला आणि घरात निघून गेला.

त्या क्षणी मला त्या माणसाचा जेवढा राग आला, तेवढा आयुष्यात कोणाचा आला नसेल. खोलीत येऊन बसलो. मुलीच्या नाकापुढे बोट धरून श्वास चालू आहे का बघायचा, एवढंच काम उरलं होतं. देवाचं नाव घ्यावंसंही वाटेना. बायको तापात पुटपुटत होती, "काहीतरी करा न जी." मी काय करणार होतो?

तेवढ्यात पाटील दारात आला. मागे त्याची सून, कडेवर तिचा दीडेक वर्षाचा मुलगा. सुनेनं मुलाला सासऱ्याकडे दिलं, आत आली, काही न विचारता माझ्या मांडीवरून मुलीला उचललं आणि कोपऱ्यात पाठमोरी बसून तिला पदराखाली घेतलं. कोणाच्या हातचं प्यायचं आणि कोणाच्या नाही, याचे आमच्या घरी कडक नियम होते. त्या दिवशी ते कोणाला आठवले नाहीत. मुलीला ओढायचीही ताकद नव्हती. ती बाई बोटानं थेंब थेंब तिच्या ओठांवर सोडत राहिली. किती वेळ गेला कोण जाणे. मग घोटाचा आवाज आला, मग दुसरा. बायको हुंदके देऊन रडायला लागली. मी बाहेर आलो.

ओसरीवर पाटील नातवाला मांडीवर घेऊन बसला होता. पोर आईकडे जायला धडपडत होतं, ओरडत होतं, आणि म्हातारा त्याला आंबील चाटवायचा प्रयत्न करत होता. ते पोर ती थुंकून टाकत होतं. मला बघवेना. दारातूनच मी सुनेला म्हटलं, "बाई, तुह्या पोराले उपाशी कायले ठेवतं? आधी त्याले पाज."

तिनं मान वळवली नाही.

"त्याले बोलता येते, गुरुजी. भूक लागली का मांगून खाते. वासराले कुठी मांगता येते? आन इले?"