वाकळीचं पोट

अक्षर माझं कोंबडीच्या पायासारखं आहे, आणि ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे हे चौथीनंतर मला कोणी सांगितलं नाही. तेव्हा वाचणारे तुम्ही जे कोणी असाल, आधीच माफ करा. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. हातात सुई असली की मात्र मन मोकळं होतं, आणि आज शिवायला काही नाही म्हणून पेन घेतलं आहे. उन्हात वाळलेल्या जुन्या सुती कापडाचा वास तुम्ही कधी नीट घेतला आहे का? नव्या कापडाला दुकानाचा वास असतो, खळीचा आणि गोणपाटाचा. जुन्या कापडाला साबणाचा येतो, थोडा पेटीतल्या डांबरगोळीचा, आणि सगळ्यांच्या तळाशी, नाक अगदी टेकवलं तर, ते ज्याने अंगावर घातलं त्याचा. सकाळी कापडांची चवड मांडीवर घेऊन मी आधी तो वास घेते, मग कात्रीला हात लावते. शेजारची गंगाक्का हसते. म्हणते, “एनवा, भाजी निवडतीस की कापड?”

गंगाक्का कानडी. आम्ही उणकलला आलो तेव्हापासून आमच्या दोन दारांत एकच पायरी आहे, आणि त्या पायरीवर आम्ही दोघींनी मिळून किती वाकळा शिवल्या त्याचा हिशेब नाही. ती त्यांना कौदी म्हणते. एका टोकाला ती बसते, दुसऱ्या टोकाला मी. तिच्याकडून कौदी पुढे सरकते, माझ्याकडून वाकळ, आणि मध्यावर कुठेतरी आमच्या सुया भेटतात. वाकळ म्हणजे रंग, हे मी आईच्या मांडीवर शिकले. अळणावरजवळच्या आमच्या खेड्यात लाल लुगड्याशेजारी हिरवं खणाचं ठिगळ, त्याला लागून निळं, मग पिवळं, अशी ती वाकळ दोरीवर वाळत पडली की गल्लीत जत्रा भरल्यासारखं वाटायचं. म्हणून देशपांडे नगरातल्या डॉक्टरीणबाईंनी कापडांचं बोचकं माझ्यापुढे सोडलं, तेव्हा मी ते खालीवर करून पाहिलं. त्यात रंगच नव्हता!

त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि बाळासाठी त्यांना वाकळ हवी होती. “एकही भडक तुकडा नको हं,” बाई म्हणाल्या. “लेकीला सगळं फिकट आवडतं.” बोचक्यात डॉक्टरसाहेबांचे लिननचे जुने सदरे होते, विरलेले पलंगपोस, उशांचे अभ्रे, बिस्किटी रंगाचा एक टेबलक्लॉथ. सगळ्यांत खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, एक उपरणं. ते बाईंच्या वडिलांचं. फाटून फाटून त्याचा हातभर चांगला तुकडा उरला होता. “हे अप्पांचं,” त्या म्हणाल्या, “एवढंच राहिलंय. जपून.” मी मान हलवली. आवाज फुटला असता तर म्हटलं असतं की बाई, कापड जपण्याशिवाय मला दुसरं येतं काय?

आमच्यात बाळ जन्मल्याशिवाय त्याच्या वाकळीला सुई लावत नाहीत. मुलगी झाल्याचा फोन आला त्या दिवशी दुपारी मी कापडं पायरीवर पसरली. बारशाला बारा दिवस. गंगाक्काने कमरेवर हात ठेवून पाहिलं आणि म्हणाली, “अय्य यव्वा, हे काय, ढगांचं दुकान मांडलंस? यातलं कुठलं कुठं संपतं ते तरी दिसतंय का तुला?”

खरं सांगते, पहिले दोन दिवस दिसत नव्हतं. तिसऱ्या दिवशी दिसायला लागलं, आणि मग डोळ्यांना जणू नवी खिडकी फुटली. पांढरा म्हणून एक रंग नसतोच! एक पांढरा ताकाचा असतो आणि एक सायीचा. तांदूळ धुतलेल्या पाण्याचा वेगळा, ज्वारीच्या पिठाचा वेगळा. अभ्रा पेजेसारखा, सदरा चुलीतल्या निवलेल्या राखेसारखा, टेबलक्लॉथ भाजलेल्या रव्यासारखा. आणि अप्पांचं उपरणं? ते तर रात्रभर ठेवलेल्या दुधावरच्या सायीसारखं, कडेला जरासं पिवळसर. इतकी वर्षं मी लाल-हिरव्याच्या गलबल्यात बसले होते, तिथे ही हळू आवाजात बोलणारी कापडं मला ऐकूच आली नव्हती. मी स्वतः तसलीच असूनही! लाजऱ्या माणसांना एकत्र बसवलं तर ती एकमेकांशी किती बोलतात, ते त्या आठवड्यात मला कळलं. ताकाशेजारी राख ठेवली की ताक उजळायचं, रव्याशेजारी साय ठेवली की दोन्ही गोड दिसायची. दुर्गदबैलाच्या बाजारात जाऊन मी मळकट पांढऱ्या दोऱ्याची रिळं आणली. दुकानदार म्हणाला, “अक्का, या वेळी लाल नको?” मी नुसती हसले. कडेपासून सुरू करून आत आत जाणारे धावदोऱ्याचे चौकोन आम्ही घालत गेलो, आणि वाकळीवर नांगरलेल्या शेतासारख्या बारीक ओळी उमटल्या.

आता एक रीत सांगायला हवी. वाकळीचं तोंड शिवून बंद करायच्या आधी एका कोपऱ्यात तिचं पोट भरतात. उपाशी वाकळ पांघरली तर माणसाला रात्री भूक लागते, असं आई म्हणायची. कोणी भाकरीचा तुकडा घालतं, कोणी चार दाणे. पहिल्या बाळाची वाकळ असली की आम्ही हळद-कुंकू लावलेले तांदूळ घालतो. आईने घातले, मी घातले, गंगाक्काच्या सासूनेही घातले असतील. मी पोटाची जागा अप्पांच्या उपरण्याखाली धरली; म्हटलं, पणजोबांच्या हातून पणतीच्या वाकळीला पहिला घास! मनातल्या मनात स्वतःवर खूश झाले. तांदूळ आत सरकवले, तोंड शिवलं, आणि दरवेळी करते तसं वाकळ सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून साबण लावला.

पुढे काय झालं ते प्रत्येक बाईला कळलंच असेल. हळदीला साबण लागला की ती लाल होते. रंगीत वाकळीत हे सत्तर वेळा झालं असेल, पण लालात लाल नि पिवळ्यात पिवळं कोणाला दिसणार? इथे त्या फिकट कोपऱ्यावर, बरोबर अप्पांच्या उपरण्यावर, पानाची पिंक पडावी तसा डाग उमटला. हात पाण्यात तसेच राहिले. गंगाक्का धावत आली, पाहिलं, आणि तिच्या तोंडून एवढंच आलं, “होट्टी फुटलं गं!” पोट फुटलं. धुवून धुवून लाल उतरलं, पिवळं राहिलं, कुंकवाचा गुलाबी काठ राहिला. हळद उन्हात उडते, ते मलाही ठाऊक आहे. पण श्रावणाचे दिवस. तीन दिवस सूर्याने तोंड दाखवलं नाही, आणि चौथ्या दिवशी बारसं.

मी कोपरा उसवला. तांदूळ काढले, उपरण्याचा तुकडा सोडवून वेगळा केला. त्या जागी लावायला तसलंच मऊ, तसलंच सायीच्या रंगाचं काहीतरी हवं होतं. बाईंच्या बोचक्यातलं सगळं संपलं होतं. घरात एकच वस्तू तशी होती. माझ्या बाबांचा पटका. बाबा अजून गावी आहेत, दुसऱ्यांच्या रानात राबले आणि आता अंगणात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारतात. केस गेल्यावर पटका घसरायला लागला, तेव्हा त्यांनी टोपी धरली आणि तो मला देऊन टाकला. मी त्यात दही टांगते. इतक्या वर्षांच्या उन्हाने, घामाने आणि चक्क्याने तो लोण्यासारखा झाला आहे. त्याचा हातभर तुकडा मी कापला, तीन पाण्यांतून काढला, आणि लावला. या वेळी पोटात काहीही घालायचा धीर झाला नाही. रिकामंच तोंड शिवलं.

वाकळ पायरीवर अंथरली तेव्हा गंगाक्का म्हणाली, “सुम्मनिरु. काही सांगू नको. यारिगू गोत्तागंगिल्ल.” कोणाला कळणार नाही, हे तिचं खरंच होतं. गप्प बसणं तर मला जन्मापासून येतं, त्याला वेगळे कष्ट नाहीत! पण रिक्षात मांडीवर वाकळ घेऊन बसले आणि मनात आलं, बाई उद्या पाळण्यात नातीला घालतील, त्या कोपऱ्यावर हात फिरवून म्हणतील, हे बघ, हे तुझ्या पणजोबांचं. आणि तो असेल आमच्या बाबांचा पटका. बाईंच्या हाताला कोणी असं फसवावं का? आणि बाबांनी तरी दुसऱ्याच्या नावावर का निजावं? देशपांडे नगर येईपर्यंत मी एकच वाक्य पाठ करत होते, शाळेत कविता पाठ करायचे तसं.

बाईंनी दार उघडलं, वाकळ हातात घेतली, गालाला लावली. “किती मऊ हो!” तेवढ्यात मी सगळं एका दमात बोलून टाकलं: तांदूळ, हळद, साबण, बाबा, पटका, दही. दहीसुद्धा सांगितलं! मग पिशवीतून तो डागाळलेला तुकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. तुकडा उजेडाकडे धरून त्यांनी बराच वेळ पाहिला. त्यांचे डोळे भरले. त्यांनी तो तुकडा घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला, जपून, किल्ली ठेवतात तसा.

“धुवायच्या आधी मला एक फोन करायचा होता,” त्या म्हणाल्या. आवाज कडक होता. मी मान खाली घातली. मग त्यांनी वाकळ दिवाणावर पसरली, चष्मा लावला आणि वाकल्या. “तुमच्या वडिलांचा कुठला म्हणालात?” मी सांगायच्या आधीच त्यांनी एका तुकड्यावर बोट ठेवलं. “हा ना? दिसतोच आहे. उन्हातान्हातलं कापड लगेच ओळखू येतं.”

“नाही बाई,” मी म्हणाले. “तो डॉक्टरसाहेबांचा सदरा.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, सदऱ्याकडे पाहिलं, आणि मग त्यांना जे हसू फुटलं! आतून लेकीने विचारलं, “आई, काय झालं गं?” “काही नाही,” बाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “तुझ्या बाबांना रानात पाठवलं.” मलाही हसू आवरेना. त्या घरात माझा आवाज एवढा मोठा पहिल्यांदाच निघाला असेल.

मी बाबांचा तुकडा दाखवला. बाईंनी त्यावर तळवा ठेवला, तसाच ठेवून विचारलं, “आणि आता हिच्या पोटात काय आहे?”

“काही नाही. घाबरून रिकामंच शिवलं.”

“म्हणजे उपाशी? आणि माझ्या नातीला पांघरायचं?” त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि मुठीत तांदूळ घेऊन आल्या. कोरडे, पांढरे. “हळद लावली नाहीये, बघून घ्या.” मी त्यांच्या फरशीवर बसले, दोन बोटं रुंद टाके उसवले. बाईंनी दाणे आत सोडले, एकेक करून, आणि मग सुईसाठी हात पुढे केला. “बंद मी करते.”

सुई त्यांनी फार दिवसांनी धरली असावी. बोटाला टोचून घेतलं, दोरा गुंतवला. पाच टाके घातले. एक लांब, एक आखूड, तिसरा तर वाटच चुकलेला. फिकट कापडावर सगळं दिसतं, हे मी त्या आठवड्यात चांगलंच शिकले होते. माझ्या बारीक सरळ ओळींच्या शेवटी ते पाच वाकडे टाके दुरूनही दिसत होते, आणि माझे हात शिवशिवत होते की उसवावेत, पटकन नीट घालून द्यावेत, एका मिनिटाचं काम.

बाईंनी विचारलं, “बरे आलेत का?”

“पक्के आलेत,” मी म्हणाले, आणि गाठ मारून दोरा तोडला.