सत्काराला बसवलेली मुलं

आमच्या कॉलेजचे कार्यालयीन अधीक्षक मे महिन्याच्या अखेरीस निवृत्त झाले. त्यांच्या पिढीतल्या पुष्कळांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी एक जून लावून टाकली, त्यामुळे आमच्याकडचा माणूस निवृत्त होतो तो ऐन सुट्टीत. वर्ग बंद, मुलं आपापल्या गावी, निम्मा स्टाफ आंब्याच्या गडबडीत. ऑफिसात चहा, सामोसे, एक नारळ, की झाला निरोप.

यांचं तसं होऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. कार्यक्रमांची कामं माझ्याकडेच येतात, कारण मी यादीशिवाय हलत नाही. सुट्टी लागण्याआधी त्यांना विचारलं, "सर, तुम्हाला कसा हवाय सत्कार?"

"हार नकोत, वक्ते नकोत," ते म्हणाले. "मुलं असू देत. इतकी वर्षं मी खिडकीच्या आत आणि ती बाहेर. एकदा समोरासमोर बसूया."

"मग कॉलेज उघडल्यावर करू. ऑगस्टात?"

"करा की. मी काय, पावसला घरीच आहे."

त्या खिडकीत ते ओरडायचे भरपूर. "उत्पन्नाचा दाखला म्हणजे काय लोणचं आहे, मुरवत ठेवलायस तो?" पण शिष्यवृत्तीचा अर्ज अपुरा राहिला, तर नुसती नोटीस लावून ते गप्प बसत नसत. पूर्णगडच्या एका मुलीचा फोन लागेना, तेव्हा त्यांनी त्या गावच्या एसटीच्या कंडक्टरकडे निरोप दिला होता. दुसऱ्या दिवशी मुलगी कागद घेऊन हजर.

ऑगस्टची तयारी मी चोख केली. शाल, श्रीफळ, मानपत्र, माईक, समई, समईला वात. मुलांचा विषय निघाला तेव्हा प्राचार्य म्हणाले, "प्रथम वर्ष बसवा. वरची मुलं मागे बसून गोंधळ घालतात." आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला असंच होतं. नवी मुलं सांगितलं की येतात आणि संपेपर्यंत उठत नाहीत. मीही यादीत 'सभागृह – प्रथम वर्ष' लिहिलं आणि पुढच्या कामाला लागले.

सभागृह गच्च भरलं. अधीक्षक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आले, दारातच थांबून भरलेल्या रांगा बघितल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "एवढी आली?" त्यांचा चेहरा इतका खुललेला मी ऑफिसात कधी पाहिला नव्हता.

त्यांना नको असलेली भाषणं झालीच. मग ते माईकसमोर उभे राहिले. रांगांवरून नजर फिरवत राहिले, जरा जास्तच वेळ. शेवटी म्हणाले, "माझ्याकडे प्रवेश घेतलेलं कोण कोण आहे? हात वर करा बघू."

कुणीच हात वर केला नाही. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने अर्धा उचलला, शेजारणीकडे बघितलं आणि खाली घेतला.

आमच्याकडे अकरावी-बारावी नाही. ही सगळी मुलं बाहेरून आलेली, जुलैत प्रवेश घेतलेली. त्यांनी हा माणूस आज पहिल्यांदा बघितला होता. हे मला तेव्हा, तिथे, समईशेजारी उभं असताना कळलं.

"बरोबर आहे," ते हसले. "तुम्ही जुलैचे, मी मेचा." मग शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या दिवसापर्यंत ठेवू नका, नव्या मॅडम चांगल्या आहेत, त्यांना विचारा, एवढं सांगून ते बसले. एका प्राध्यापकांनी हात उंचावून खूण केली आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या.

रिक्षापर्यंत सोडायला मी बरोबर गेले. शाल आणि मानपत्र त्यांनी कापडी पिशवीत घातलं होतं. कँटीनवरून जाताना आतून हाका आल्या, "सर! ओ सर!" तिसऱ्या वर्षाच्या पाच-सहा मुली हातातले वडापाव तसेच घेऊन बाहेर धावल्या.

"सर, तुम्ही इकडे कसे? सांगितलं नाहीत ते!"

"तुम्ही गेलात आणि खिडकीत मजाच राहिली नाही. कोणी ओरडतच नाही."

"तुझी एटीकेटी सुटली का गो?" त्यांनी एकीला विचारलं.

"सुटली सर! पण आज कशाला आलात?"

मी म्हणाले, "अगं, आज यांचा—"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काम होतं थोडं," ते म्हणाले आणि पिशवी दुसऱ्या हातात, पाठीमागे घेतली. मुली बोलत राहिल्या, निकालाचं, बसच्या पासाचं, नव्या फॉर्मचं. ते प्रत्येकीला उत्तर देत होते. रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न वाजवला, तेव्हा मी त्याला थांबायची खूण केली. तेवढंच माझ्या हातात उरलं होतं.